स्वाध्याय आणि संशोधन : वॉर्साच्या गणितमंडळाचा इतिहास

स्वाध्यायाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ज्याच्या अंगी चिकाटी आहे त्यास गुरूची, शाळेची वा विद्यापीठाची गरज नाही. एकलव्याचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. दुसऱ्या मताप्रमाणे मोठ्या विद्यापीठाची सावली, समृद्ध ग्रंथालय आणि नामांकित अध्यापक यांवाचून जे शिकले जाते ते हौसेपुरतेच राहते; त्यातून नवे ज्ञान निर्माण होणे नाही. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आम्हां मराठी भाषकांच्या दृष्टीने हा वाद नुसता तात्त्विक नव्हे. उच्च विषयांवरील मराठी ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती क्वचितच पडतात आणि विषयाचा जाणकार शेजारी असतोच असे नाही. अशा विद्यार्थ्याने संशोधनाची आकांक्षा धरावी की नाही, आणि धरल्यास तयारी कशी करावी, हा प्रश्न शिक्षकापुढे नित्य उभा असतो.

या प्रश्नाचा विचार करताना पोलंडमधील एका लहानशा गणितमंडळाचा इतिहास आम्हांस फार उद्बोधक वाटतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताचे व्यासंगी म्हणवून घेण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, हा विषय शिक्षकमात्राचा आहे, आणि त्याच दृष्टीने हे लेखन केले आहे.

ज्या विषयात या मंडळाने कीर्ती मिळविली त्यास संच-संस्थिती म्हणतात. भूमितीत आपण लांबी, कोन, क्षेत्रफळ मोजतो. संस्थितिविज्ञान या मापांकडे लक्ष देत नाही. आकृती ताणली, वाकविली, दाबली, पण फाडली नाही आणि तिचे दोन भाग एकमेकांस चिकटविले नाहीत, तर तिचे जे गुण टिकून राहतात त्यांचा हे शास्त्र अभ्यास करते. आकृती सलग आहे की तुटक, एखादा बिंदू काढून घेतला तर तिचे तुकडे पडतात की नाही, असे याचे प्रश्न असतात. आकृतीकडे बिंदूंचा एक समूह, म्हणजे संच, म्हणून पाहून असे प्रश्न सोडविणे ही संच-संस्थिती होय. संचांचा सिद्धांत जर्मन गणिती गेओर्ग कान्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत उभारला आणि १९१४ मध्ये फेलिक्स हाउसडोर्फ यांच्या ग्रंथाने त्यावर आधारलेल्या संस्थितिविज्ञानास सुव्यवस्थित रूप दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी हा विषय नवा, बराचसा संशयास्पद मानलेला आणि बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

त्या काळी पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्याची वाटणी करून घेतली होती. वॉर्सा रशियाकडे होते आणि तेथील विद्यापीठाची भाषा रशियन होती. पोलिश भाषेतून उच्च शिक्षण घ्यावयाचे तर ऑस्ट्रियाच्या ताब्यातील क्राकूव किंवा ल्वूव येथे जावे लागे. यांतील ल्वूव आज युक्रेनमध्ये ल्विव या नावाने आहे. वॉर्सात १८८० नंतरच्या दशकापासून घराघरांतून गुप्त वर्ग चालत. जागा सतत बदलावी लागे म्हणून त्यास ‘उडते विद्यापीठ’ असे नाव पडले होते. पुढे मारी क्यूरी म्हणून जगप्रसिद्ध झालेली तरुणी याच वर्गांत शिकली. १९०५ मध्ये पोलिश विद्यार्थ्यांनी रशियन शाळांवर व विद्यापीठावर बहिष्कार टाकला. स्वाध्याय ही अशा रीतीने तेथे हौस न राहता गरज झाली.

या वातावरणात वाढलेले वात्स्वाव शेर्पिन्स्की यांचा जन्म १८८२ चा. वॉर्साच्या रशियन विद्यापीठात शिकत असता १९०३ मध्ये अंकशास्त्रावरील निबंधास त्यांना सुवर्णपदक मिळाले. पण आपले पहिले संशोधन रशियन भाषेत छापले जावे हे त्यांना रुचले नाही. त्यांनी तो निबंध मागे ठेवला आणि चार वर्षांनी सामुएल डिक्स्टाइन यांच्या पोलिश गणितपत्रिकेत प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी, १९०७ मध्ये, शेर्पिन्स्की यांना एक गोष्ट आढळली. प्रतलावरील बिंदूचे स्थान सांगण्यास दोन संख्या लागतात हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. शेर्पिन्स्की यांच्या ध्यानात आले की हे काम एकाच संख्येने होऊ शकते. ही किमया फळ्यावर दाखविता येण्याजोगी आहे. एका चौरसातील बिंदूच्या दोन संख्या ०·३५७१… आणि ०·८२४६… अशा आहेत असे समजा. पहिलीचा एक अंक, मग दुसरीचा एक, असे आळीपाळीने अंक घेत गेल्यास ०·३८५२७४१६… ही एकच संख्या तयार होते आणि तिच्यातून मूळच्या दोन्ही संख्या पुन्हा वेगळ्या काढता येतात. ०·५ आणि ०·४९९९… ही एकाच संख्येची दोन रूपे असल्यामुळे उद्भवणारी बारीक अडचण दूर करावी लागते, एवढेच. रेषेवर जितके बिंदू तितकेच चौरसात, असा याचा विस्मयकारक अर्थ होतो.

शेर्पिन्स्की यांनी ग्योटिंगेन येथे असलेले मित्र तादेउश बानाखेविच यांना याबाबत विचारले. उत्तरात एकच शब्द आला : ‘कान्टर’. कान्टर यांनी हीच गोष्ट १८७७ मध्ये सिद्ध केली होती आणि पुढील वर्षी ती छापूनही आली होती. सिद्धता हाती असूनही खुद्द त्यांचाच त्या फलावर विश्वास बसत नव्हता. पदवीधर, सुवर्णपदकविजेत्या आणि कुशाग्र बुद्धीच्या तरुणाने तीस वर्षांपूर्वीचा शोध पुन्हा लावला, आणि तो पूर्वीच लागला आहे हे त्यास सांगणारे कोणी जवळ नव्हते. एकाकी स्वाध्यायाची थोरवी आणि मर्यादा दोन्ही या एका प्रसंगात दिसतात. बुद्धी कमी पडली नाही. वाटेचा नकाशा मात्र जवळ नव्हता.

शेर्पिन्स्की खचले नाहीत. त्यांनी कान्टरचे लेखन मिळवून स्वतःच अभ्यासिले. १९०८ मध्ये ते ल्वूव येथे अध्यापक झाले आणि १९०९ मध्ये त्यांनी केवळ संचसिद्धांतास वाहिलेली व्याख्यानमाला सुरू केली. जगातील अशा पहिल्या व्याख्यानमालांत तिची गणना होते. १९१२ मध्ये त्यांनी या विषयाची रूपरेषा पोलिश भाषेत ग्रंथरूपाने दिली. ज्या अडचणीने आपण अडखळलो ती मागून येणाऱ्याच्या वाटेत राहू नये, म्हणून त्यांनी हे केले असे म्हणता येईल. त्यांचे ल्वूव येथील शिष्य स्तेफान माझुर्केविच पुढे त्यांचे सहकारी झाले.

आता ज्या ग्रंथाकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषकरून वेधू इच्छितो त्याकडे वळू. वॉर्सात १८९८ पासून ‘पोराद्निक द्ला सामोऊकूव’, म्हणजे ‘स्वयंशिक्षितांचा मार्गदर्शक’, या नावाची ग्रंथमाला निघत होती. आलेक्सांडेर हेफ्लिख व स्तानिस्वाव मिखाल्स्की हे तिचे संपादक होते. निरनिराळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांस पद्धतीविषयी सूचना देणे हा तिचा घोषित उद्देश. ही पाठ्यपुस्तके नव्हेत. शास्त्राचे स्वरूप काय, त्यातील शाखांचा परस्परसंबंध काय आणि कोणते ग्रंथ कशासाठी वाचावे हे सांगणारे हे वाटाडे होते. १९१५ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असता, या मालेच्या नव्या आवृत्तीचा गणितविषयक खंड प्रसिद्ध झाला. त्यातील लेखकांत शेर्पिन्स्की होते. पण त्या खंडाचा खरा प्राण झिग्मुंट यानिशेव्स्की हे होते.

यानिशेव्स्की यांचा जन्म १८८८ चा. त्यांनी झुरिच, ग्योटिंगेन व पॅरिस येथे शिक्षण घेतले आणि १९११ मध्ये पॅरिसला संस्थितिविज्ञानातील प्रबंधावर पदवी मिळविली. परीक्षकांत प्वांकारे व लेबेग यांच्यासारखे थोर गणिती होते. अशा माणसाने परदेशात स्थिरावणे सहज शक्य होते. त्यांनी स्वयंशिक्षितांच्या मार्गदर्शकासाठी लेखामागून लेख लिहिले. सर्वसाधारण प्रस्तावना, तर्कशास्त्र, भूमितीचा पाया आणि संस्थितिविज्ञान असे अनेक विषय त्यांनी एकट्याने हाताळले. संशोधनाच्या अग्रभागी असलेल्या विद्वानाने नवशिक्यासाठी वाट आखून देणे हे काम आपल्याकडे कमी प्रतीचे समजण्याची चाल आहे. यानिशेव्स्की यांनी ते प्रबंधाइतक्याच गांभीर्याने केले. ज्या तरुणांना त्या काळी विद्यापीठाचे दार बंद होते त्यांच्यापर्यंत विषयाची सीमारेषा त्यांनी नेऊन पोचविली.

दरम्यान शेर्पिन्स्की मात्र वॉर्सात नव्हते. युद्ध सुरू झाले तेव्हा ते रशियाच्या हद्दीत होते व ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून त्यांना व्यात्का येथे स्थानबद्ध करण्यात आले. येगोरोव व लुझिन या रशियन गणितज्ञांच्या प्रयत्नांनी त्यांना मॉस्कोत राहण्याची मुभा मिळाली. ज्या शासनाच्या भाषेत छापण्यास त्यांनी नकार दिला होता, त्याच देशातील विद्वानांनी त्यांना असा आधार दिला. मॉस्कोतील १९१६ मधील एका घटनेचे शेर्पिन्स्की साक्षीदार होते. मिखाइल सुस्लिन हा लुझिन यांचा विद्यार्थी लेबेग यांचा १९०५ मधील निबंध वाचत होता. एके दिवशी तो गुरूंकडे आला आणि निबंधातील एक विधान चुकीचे असल्याचे त्याने सांगितले. लेबेग हे तेव्हा या विषयातील अग्रगण्य नाव. लुझिन यांनी विद्यार्थ्याचे म्हणणे उडवून न लावता तपासून पाहिले. ते खरे ठरले आणि त्या चुकीच्या शोधातूनच संचांच्या अभ्यासाची एक नवी शाखा निघाली. ग्रंथ पेन्सिल हाती घेऊन, प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबून वाचणे म्हणजे काय हे यावरून कळते. शिष्याने असे वाचावे हे जितके खरे, तितकेच गुरूने असे ऐकावे हेही खरे. सुस्लिन १९१९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विषमज्वरासारख्या साथीच्या तापाने, टायफसने, वारला.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये रशियन सैन्य वॉर्सातून हटले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेथे पोलिश विद्यापीठ उघडले. १९१७ मध्येच यानिशेव्स्की व माझुर्केविच तेथे संस्थितिविज्ञानाचे चर्चासत्र चालवीत होते. या विषयाचे जगातील हे बहुधा पहिलेच नियमित चर्चासत्र असावे असे त्यांचे शिष्य काझिमीर कुरातोव्स्की यांनी नमूद केले आहे. १९१८ मध्ये शेर्पिन्स्की येऊन मिळाले. त्याच वर्षी ‘नाउका पोल्स्का’ या नियतकालिकात यानिशेव्स्की यांचा पोलंडमधील गणिताच्या गरजांविषयीचा लेख आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गणित्यास प्रयोगशाळा नको, महागडी उपकरणे नकोत, पण त्यास योग्य वातावरण हवे, आणि ते समान प्रश्नांवर काम करणाऱ्यांच्या सहवासानेच निर्माण होते. लहान राष्ट्राचे मोजके विद्वान जर दहा दिशांना विखुरले तर प्रत्येकजण एकटा पडेल. यास्तव बहुतेकांनी एकच शाखा निवडावी, आणि त्या शाखेस वाहिलेली अशी एक पत्रिका काढावी की जगातील त्या विषयाच्या कोणाही अभ्यासकास तिच्यावाचून चालू नये.

त्यातून १९२० मध्ये ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिकी’ ही पत्रिका निघाली. संच व संस्थिती या एकाच क्षेत्रास वाहिलेली पत्रिका तग धरील का, तिला पुरेसे लेख मिळतील का, अशी शंका खुद्द लेबेग यांनाही होती. पत्रिका आजही निघते. पहिल्या अंकात सर्व लेखक पोलिश होते. यानिशेव्स्की मात्र तो अंक पाहू शकले नाहीत. युद्धकाळात ते पोलिश सैन्यदलात होते. ऑस्ट्रियाशी एकनिष्ठतेची शपथ नाकारून ते नाव बदलून राहिले आणि तशा अवस्थेतही त्यांनी निराधार मुलांसाठी आश्रम चालविला. ३ जानेवारी १९२० रोजी इन्फ्लुएंझाच्या साथीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या पत्रिकेची एक प्रथा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. अंकाच्या शेवटी न सुटलेले प्रश्न क्रमांक घालून छापले जात. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या वाचकास विषयाची हद्द कोठे आहे हे त्या एका पानावरून समजे. पहिल्याच अंकातील तिसरा प्रश्न दिवंगत सुस्लिनचा होता. तो काही ओळींचाच. पण रूढ गृहीतकांवरून त्याचे उत्तर ‘होय’ असेही सिद्ध करता येत नाही आणि ‘नाही’ असेही नाही, हे १९६७ ते १९७१ या काळात स्पष्ट झाले.

दुसरा प्रश्न ब्रोनिस्वाव क्नास्टर व कुरातोव्स्की या तरुण जोडीचा. वर्तुळावरचा कोणताही बिंदू घ्या, त्याची स्थिती इतर कोणत्याही बिंदूसारखीच असते. रेषाखंडाचे तसे नाही. टोके वेगळी पडतात. इंग्रजी आठच्या आकड्यातील छेदबिंदूही वेगळा पडतो. मग प्रश्न असा की, प्रतलावरील ज्या सलग, मर्यादित व आपल्या सर्व सीमाबिंदूंसह पूर्ण अशा आकृतीत सगळेच बिंदू सारख्या स्थितीचे असतात, ती आकृती म्हणजे वाकविलेले वर्तुळच असते काय? शाळेतील मुलास समजेल असा हा प्रश्न अठ्ठावीस वर्षे टिकला. १९४८ मध्ये अमेरिकेतील आर. एच. बिंग यांनी ‘नाही’ असे उत्तर सिद्ध केले. ज्या विलक्षण आकृतीने हे उत्तर दिले ती स्वतः क्नास्टर यांनी १९२२ मध्येच बांधलेली होती, असे पुढे दिसून आले. अशा आकृतींची संपूर्ण यादी होएन व ओव्हरस्टेखेन या गणितज्ञांनी २०१६ मध्ये पुरी केली : एकटा बिंदू सोडल्यास त्या अवघ्या तीन प्रकारच्या आहेत.

बिंग यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे शिक्षकवाचकांपुढे अप्रस्तुत होणार नाही. ते टेक्सासमधील शिक्षक-महाविद्यालयाचे पदवीधर आणि काही वर्षे माध्यमिक शाळेतील शिक्षक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठात शिकत असता त्यांची आर. एल. मूर यांच्याशी गाठ पडली. मूर यांची पद्धत निराळीच होती : विद्यार्थ्यांनी पुस्तके पाहू नयेत, एकमेकांस विचारू नये, दिलेल्या व्याख्या व गृहीतकांवरून प्रमेये स्वतः सिद्ध करून फळ्यावर मांडावीत. वॉर्साने पुस्तकांची वाट दाखविली, मूर यांनी ती बंद केली. दोन्ही ठिकाणी संशोधक घडले, कारण दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याच्या हाती योग्य वेळी योग्य प्रश्न दिला जात होता आणि त्याचे उत्तर ऐकून घेणारा कोणी समोर बसलेला होता.

या विषयात कमी साधनांवर किती दूर जाता येते याचे एक उदाहरण कुरातोव्स्की यांच्या १९२२ मधील निबंधात आहे. बिंदूंचा कोणताही समूह घ्या. त्यावर दोनच क्रिया करावयाच्या : एक, त्याला अगदी लगटून असलेले सर्व बिंदू त्यात मिळविणे, दुसरी, त्यात नसलेले सर्व बिंदू घेणे. या क्रिया कितीही वेळा, कोणत्याही क्रमाने करा. मूळचा समूह धरून चौदाहून अधिक वेगळे समूह मिळतच नाहीत. सिद्धतेस कागद, पेन्सिल आणि चित्ताची एकाग्रता यांपलीकडे काही लागत नाही. दरिद्री देशाने हीच शाखा का निवडली हे येथे उमगते.

भाषेविषयीचे त्यांचे धोरणही मननीय आहे. ज्या शेर्पिन्स्कींनी रशियनमध्ये छापण्यास नकार दिला त्यांनीच काढलेल्या या पत्रिकेत पोलिश भाषेला स्थान नव्हते. लेख फ्रेंच, इंग्रजी, जर्मन वा इटालियन भाषेत छापले जात. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. शिकण्याची भाषा पोलिश होती : व्याख्याने, शेर्पिन्स्कींचा ग्रंथ आणि स्वयंशिक्षितांचा मार्गदर्शक ही सर्व पोलिशमध्ये होती. जगाशी बोलण्याची भाषा जगाची होती. पहिल्या दाराने विद्यार्थी आत आला, दुसऱ्या दाराने त्याचे काम बाहेर गेले. आपल्याकडील भाषावादात पुष्कळदा या दोन दारांपैकी एकच उघडे ठेवण्याचा आग्रह धरला जातो.

या मंडळाची पुढील कथा दारुण आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी विद्यापीठ बंद केले. पुन्हा गुप्त वर्ग सुरू झाले आणि शेर्पिन्स्की कारकुनी करून त्यांत शिकवीत राहिले. मंडळातील अनेकांचा बळी गेला. १९४४ मध्ये शेर्पिन्स्कींचे घर ग्रंथसंग्रहासह जळाले. तथापि पत्रिकेचा तेहतिसावा खंड १९४५ मध्ये बाहेर पडला. १९४९ मध्ये लखनौ विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्याआधी दोनच वर्षे, १९४७ मध्ये, आर. वैद्यनाथस्वामी यांचा संच-संस्थितीवरील इंग्रजी ग्रंथ मद्रासहून निघाला होता. हा विषय आपल्या देशातही तोवर रुजू लागला होता, हे यावरून दिसते. शेर्पिन्स्की १९६९ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावावर सातशेहून अधिक निबंध आहेत.

आरंभी सांगितलेल्या दोन मतांचे या इतिहासापुढे काय होते? विद्यापीठावाचून काही घडत नाही हे मत टिकत नाही, कारण विद्यापीठ उघडण्यापूर्वीच येथे तयारी झालेली होती. चिकाटी पुरे हे मतही टिकत नाही, कारण १९०७ चे ते एका शब्दाचे उत्तर त्याच्या आड येते. स्वाध्याय संशोधनापर्यंत पोचला तो तीन गोष्टींच्या बळावर : आपल्या भाषेतील विश्वसनीय वाटाड्या, आठवड्यातून एकदा का होईना समोर बसून शंका घेणारे चार सोबती, आणि न सुटलेल्या प्रश्नांची खुली यादी. यांतील एकही गोष्ट राज्यकर्त्यांनी दिलेली नव्हती.

आमच्या साहित्यसंस्था कथा-काव्याच्या स्पर्धा घेतात, ते योग्यच आहे. त्याबरोबर प्रत्येक संस्थेने एकेका शास्त्रासाठी वीस-पंचवीस पानांची अशी मराठी वाटाडी-पुस्तिका जाणकाराकडून लिहवून घ्यावी : आधी काय यावे, मग काय वाचावे, कोठे अडखळण्याचा संभव आहे आणि आज कोणते प्रश्न मोकळे आहेत. गणितापासून आरंभ करावा, कारण त्यास खर्च सर्वांत कमी. आमच्या शाळांतून दरवर्षी दोन-चार मुले अशी निघतात की जी तास संपल्यावरही फळ्यापाशी रेंगाळतात. पुस्तिका तयार होईल तेव्हा ती प्रथम त्यांच्या हाती द्यावी.